सायवानसाहेबांचा हवाई संघ

सायवानसाहेबांना दोन गोष्टी खपत नाहीत. ड्रॉइंगशी न जुळणारं कास्टिंग, आणि कारण नसताना विमानाला लावलेलं तिसरं इंजिन. पहिली न खपण्याबद्दल कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला एक कारखाना त्यांना पगार देतो. दुसरीबद्दल कोणी छदाम देत नाही. तरी रात्री जेवणं झाल्यावर, डोक्याला बॅटरी बांधून आणि नाकावर जवळचा चष्मा चढवून, ते दुसऱ्या गोष्टीच्या मागे ज्या निष्ठेने लागतात ती मालकांनी एकदा पाहिली, तर पगारातला काही भाग ते परत मागतील.

पंचतारांकित म्हटल्यावर पुण्याचे पाहुणे आधी जलतरण तलावाची चौकशी करतात, म्हणून सांगून ठेवतो. इथे तारे बघायचे तर तिसऱ्या पाळीला, फाउंड्रीच्या गेटबाहेर, आणि तेही धूर नसेल तर. कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत इंजिनं होतात, कापड होतं, कास्टिंगं होतात. विमान होत नाही. सायवानसाहेबांच्या मते ही केवळ वेळापत्रकाची अडचण आहे.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या स्लिपवर आणि लाइट बिलावर असतं. सकाळच्या कंपनी बसमध्ये ते शेजारी सापडेल त्याला स्कायव्हॅन नावाच्या विमानाबद्दल सांगत. मागच्या बाकावरच्या पोरांनी त्याचं सायवान केलं, आणि मग ते विमानावरून काढून माणसाला चिकटवलं. साहेबांनी हरकत घेतली नाही. याच घराण्यातल्या पुढच्या एका विमानाला तिकडचे वैमानिक 'शेड' म्हणत, आणि सायवान म्हणजेही छप्परच, तेव्हा पोरांचं काही चुकलेलं नाही, एवढीच नोंद त्यांनी केली. नोंद म्हणजे खरोखरची नोंद. वहीत, तारखेसह.

विमान म्हणजे काहीतरी निमुळतं आणि झळाळतं असतं अशी ज्याची समजूत आहे, त्याने स्कायव्हॅन बघायला जाऊ नये. बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीने ते केलं, १७ जानेवारी १९६३ ला ते पहिल्यांदा उडालं, आणि त्या दिवसापासून त्याला कोणी सुंदर म्हटल्याचं ऐकिवात नाही. आतली खोली साडेसहा फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, अगदी काटकोनात. वर दोन्ही बाजूंना लांबट, अरुंद पंख आणि त्यांना खालून तिरके टेकू. चाकं पोटात जात नाहीत, बाहेरच राहतात. शेपटीला दोन उभी पाती. पाठीमागची अख्खी भिंत म्हणजे दार. इंग्रजांनी त्याला उडता बुटाचा खोका असं नाव ठेवलं. दीडशेच्या आसपास विमानं झाली, ओमानपासून नेपाळपर्यंत कुठे कुठे गेली, आणि भारताने मात्र घेतलं नाही.

हे शेवटचं वाक्य सायवानसाहेब कधीच पूर्ण विराम देऊन म्हणत नाहीत. "भारतानं घेतलं नाही," म्हणून ते थांबतात, समोरच्याकडे बघतात, आणि त्या थांबण्यातून त्यांची सगळी विमानं बाहेर पडतात. एरवी ते साहेबी मराठी बोलतात, पण या विषयावर कोल्हापुरी सुटते. "अरे भावा, चौकोनी विमान हाय. ह्यात काय बी बसतंय!"

विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक जात जे होतं तेच करते. अमुक तळावरचं, अमुक साली, अमुक डाग पडलेलं विमान. खिळे मोजून, फोटोशी ताडून. दुसरी जात जे नव्हतं ते करते. म्हणजे जे विमान ज्या देशाने घेतलंच नाही ते त्या देशाच्या रंगात, किंवा जो नमुना कागदावरच मेला तो सेवेत दाखल करून. पहिली जात दुसरीला थापाडी समजते आणि दुसरी पहिलीला कारकून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की दुसऱ्यांचं बरं आहे, काहीही करा, कोण विचारणार? माझं निरीक्षण उलटं आहे. खऱ्या विमानाची नक्कल करणारा चुकला तर निदान फोटो दाखवून त्याची चूक काढता येते आणि विषय मिटतो. सायवानसाहेबांना पकडायला फोटोच नाही. त्यामुळे त्यांना सतत स्वतःवर पाळत ठेवावी लागते.

सुरुवात मामांपासून झाली. मामा मस्कतला नोकरीला होते आणि ओमानच्या हवाई दलाकडे स्कायव्हॅन होती. सुटीवर येताना त्यांनी बदाम, टेपरेकॉर्डर आणि भाच्यासाठी एअरफिक्स कंपनीचा स्कायव्हॅनचा किट आणला. प्रमाण १/७२, म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच. भाच्याने तो खोक्यावरच्या सूचनांप्रमाणे जोडला. सूचनांप्रमाणे केलेलं त्यांचं ते पहिलं आणि शेवटचं विमान.

पहिली थाप मात्र अपघाताने झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी प्लास्टिक शीट कापून स्वतःची स्कायव्हॅन करायला घेतली आणि मापासाठी पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रींची स्टीलची पट्टी मागून आणली. आता पॅटर्नवाल्याची पट्टी ही मुळात खोटी असते. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभरात साधारण एक भाग आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीवरचे आकडेच ताणून छापलेले असतात. मिस्त्रींना वाटलं, पोराला माहीत असेल. पोराला वाटलं, पट्टी म्हणजे पट्टी. विमान जोडून झाल्यावर व्हर्नियर लावला तर १७ सेंटिमीटरला पावणेदोन मिलिमीटर जास्त. १/७२ नाहीच, १/७१.३!

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. सायवानसाहेबांनी विमान मोडलं नाही, गप्पही बसले नाहीत. त्यांनी कारण शोधलं. हा वेगळा नमुना आहे असं त्यांनी ठरवलं: धड बारा सेंटिमीटरने लांब, पंख टोकापासून टोकापर्यंत वीस सेंटिमीटरने. पंखांचं सोपं होतं. उन्हाळ्यात दख्खनची तापलेली हवा विरळ असते, उचल कमी पडते, म्हणून पंख वाढवला. लांबीचंही जमलं. पण मागचं दारही पाऊण इंचाने मोठं झालं होतं आणि त्या पाऊण इंचाने त्यांची झोप उडवली. कोण कंपनी पाऊण इंचासाठी दार बदलेल? शेवटी कसबा सांगावकडच्या एका गुऱ्हाळावर रस प्यायला गेले असताना उत्तर समोर चुलाणावर उकळत होतं. गुळाची काहील! आडवी मावत नाही, तिरकी घातली तर पाऊण इंच कमी पडतो. त्याच रात्री 'गूळ उद्योगासाठी सुधारित दार' अशी नोंद झाली आणि साहेब शांत झोपले.

तेव्हापासून नियम पडला. कारणाशिवाय बदल नाही. कारखान्यात ड्रॉइंगमधली रेघ जरी हलवायची तरी बदलाची चिठ्ठी निघते, तिच्यावर कारण, तारीख, सही. साहेबांच्या प्रत्येक काल्पनिक विमानाची अशी चिठ्ठी आहे. शेजारच्या मुलाने एकदा हौसेने त्यांच्या एका स्कायव्हॅनच्या पंखाखाली दोन क्षेपणास्त्रं चिकटवली. साहेब रागावले नाहीत. चिठ्ठी समोर ठेवली आणि म्हणाले, "कारणाच्या रकान्यात लिही. शत्रू कोण?" पोरगं विचारात पडलं. "कोगनोळीचा टोलनाका?" साहेबांनी मदत केली. क्षेपणास्त्रं निघाली.

कपाटातलं सर्वांत जुनं न घडलेलं विमान १९४७ चं आहे, आणि ते दाखवताना साहेबांचा आवाज इतिहासाच्या मास्तरांसारखा होतो. स्कायव्हॅनचा आजोबा म्हणजे माइल्स कंपनीची एरोव्हॅन: लाकडी, १९४५ मध्ये उडालेली, पाठीमागून उघडणारी, आत एक मोटार मावेल एवढी. पुढे १९५७ मध्ये तिच्या धडावर एका फ्रेंच कंपनीचा लांब, अरुंद पंख बसवून पाहिला, तो सगळा अभ्यास शॉर्टकडे गेला आणि त्यातून स्कायव्हॅनची कल्पना निघाली. इथवर सगळं खरं. आता साहेबांची जोडणी बघा. उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हणजे १९४५ ते १९४९ विमान होतं, धावपट्टी होती, संस्थानही होतं. "फक्त खरेदी राहिली," साहेब म्हणतात, जणू बाजारातून येताना कोथिंबीर राहिली.

ती खरेदी त्यांनी केली. तीही आंधळेपणाने नाही. माइल्स कंपनी १९४७ च्या अखेरीस पैशाच्या अडचणीत सापडली, म्हणून ऑर्डर त्याआधीची हवी. विमान लाकडी, आणि कोल्हापूरचा पाऊस आषाढात लाकडाचं काय करतो हे ज्याच्या घराला जुन्या खिडक्या आहेत त्याला सांगायला नको. म्हणून विमान दसऱ्याच्या सुमारास उतरवलं. शेपटीच्या पात्यांवर संस्थानचा भगवा. पण कोणता भगवा? साहेब रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड घेऊन दुपारच्या उन्हात भवानी मंडपात उभे राहिले आणि फडकत्या ध्वजाशी एकेक चौकोन ताडू लागले. रखवालदाराने विचारलं, घराला रंग द्यायचाय काय? साहेब म्हणाले, विमानाला. रखवालदाराने आणखी काही विचारलं नाही. कोल्हापुरात माणसाला नाद असतो हे त्याला माहीत होतं.

वहिनी एका पतसंस्थेत हिशेब बघतात. नवऱ्याच्या विमानांकडे त्यांनी पहिली काही वर्षं धूळ बसणारी वस्तू म्हणून पाहिलं. एका रविवारी कपाट पुसता पुसता त्यांनी चिठ्ठ्यांची फाइल उघडली, तासभर वाचली आणि स्वयंपाकघरातून प्रश्न टाकला, "अहो, संस्थान गेल्यावर ही पुढची विमानं कुणाच्या पैशानं आली?"

साहेबांच्या हातातलं ब्लेड थांबलं. इंजिनाचा अश्वशक्तीपर्यंत हिशेब होता, टायरमधल्या हवेचा होता. पैशाचा नव्हता. वहिनींनी रव्याचा डबा खाली ठेवला आणि भारताच्या विमानवाहतुकीत त्या संध्याकाळी सहकार शिरला. स्कायव्हॅन १९६३ ची, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. तारखा इतक्या नेमक्या बसल्या की साहेबांना हे आपल्याला कसं सुचलं नाही याची लाज वाटली. तालुक्यातालुक्यातल्या सोसायट्या सभासद, भागभांडवल त्यांचं, कर्ज मध्यवर्ती बँकेचं, हमी सरकारची. पोटनियम वहिनींनी स्वतः लिहिले. संघाचं नाव अजून ठरलेलं नाही, कारण कुणाच्या वडिलांचं द्यायचं यावर एकमत होत नाही. विमानांवर तेवढी जागा पांढरी सोडलेली आहे.

माझ्या मते साहेबांच्या कामाला खरी चव इथून आली. आधीची विमानं बरोबर होती. यानंतरची पटू लागली. संघाचं एक विमान अध्यक्षांसाठी राखीव आहे. आत खिडक्यांना पडदे, मध्ये टीपॉय, आणि सगळ्यात मोठ्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. तो टिश्यू पेपरचा, सहा मिलिमीटर लांब, वहिनींनी चिमट्याने घातलेला. हे विमान चिठ्ठीप्रमाणे पीक पाहणीसाठी मंजूर झालेलं आहे. उसाची वाहतूक करणारं एक विमान असावं अशी संचालक मंडळाची मागणी होती, पण ती साहेबांनी आकड्यांवर फेटाळली. स्कायव्हॅन फार तर दोन टन उचलणार. एवढा ऊस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रस्त्यात पोरं ओढून खातात.

अधूनमधून कोणीतरी सूज्ञ माणूस बसमध्ये विचारतोच, "साहेब, एवढं डोकं हाय तर खरंच विमान करा की." त्याच्या मनात कॅप्टन अमोल यादव असतात. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावात 'खरंच करा की' म्हणणं फार सोपं जातं. साहेबांना यादवांबद्दल आदर आहे, त्यांच्या विमानाचं कात्रण पाकिटात आहे. पण सल्ला ते घेत नाहीत. "खऱ्या विमानाला पास करायला डीजीसीए असते," ते म्हणतात. "ह्याला मी हाय. मी लई कडक हाय."

एका विमानाबद्दल मात्र कोणी चेष्टा करत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली. त्रेचाळीस फुटांना धोका म्हणतात. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं वेढली गेली, बोटी आल्या, हेलिकॉप्टरं आली. साहेबांच्या बहिणीचं घर त्या बाजूला. ते दिवस साहेबांनी फोनला चिकटून काढले. नंतर पाणी उतरलं, बहीण सुखरूप होती, गोठा गेला होता. त्यांनी स्कायव्हॅनला पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावायला घेतले.

आणि इथेही कारण हवंच होतं. चौकोनी खोका पाण्यावर उतरवण्याचा अनुभव शॉर्टला कुठून? म्हणून त्या वर्षी गोव्याची सहल निघाली. घरची मंडळी बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेली आणि साहेब शेजारच्या नौदल हवाई संग्रहालयात, टेप घेऊन. तिथे भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. साहेब सीलँडपुढे उभे राहिले. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं हे छोटं विमान त्याच बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीचं, आणि आपल्या नौदलाने १९५३ मध्ये विमानं घ्यायला सुरुवात केली ती यानेच. म्हणजे कंपनीला पाण्याची सवय, नौदलाला कंपनीची. दुपारच्या उन्हात त्यांनी त्या विमानाच्या पोटाचा आकार वहीत उतरवून घेतला. परत आल्यावर त्यांनी एरवी केलं नसतं ते केलं: विमानाच्या आत, कोणाला बाहेरून दिसणार नाही अशा जागी, दोन म्हशी ठेवल्या. १/७२ च्या. चिठ्ठीवर कारणाच्या रकान्यात फक्त 'शिरोळ' लिहिलं आहे.

असो. बसच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगायची राहिली, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यापासून सुरू होतो. ड्रायव्हर पूर्वी वडाप, म्हणजे शिटा भरून पळणारी खासगी जीप, चालवायचा. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, मिळेल त्या मार्गावर. साहेबांचं बोलणं तो आरशातून ऐकत असे. एक दिवस त्याने विचारलं, "साहेब, किती शिटा म्हणालासा?"

"एकोणीस."

"आन् वजन?"

"दोन हजार किलो."

ड्रायव्हरने गिअर बदलला. "माणूस धरा पंचाहत्तर किलोचा. सव्वीस बसत्यात की. वरची सात कुणाची घालवताय?"

बस हसली. साहेब हसले नाहीत, कारण भागाकार बरोबर होता. त्यावर ड्रायव्हरने दुसरा मुद्दा टाकला. जीपमध्ये माणूस वाकवून घालावा लागतो. ह्याचं छत साडेसहा फुटांवर, म्हणजे उभ्याने आणखी दहा. नाकावर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' आणि मागच्या दारावर 'हात दाखवा, विमान थांबवा'. उडतं वडाप! बसमधल्या निम्म्या लोकांनी ते विमान त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू.

साहेब रात्रभर जागे होते असं वहिनी सांगतात. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढतानाच त्यांनी निर्णय दिला: एकोणीसच. वजन किती यापेक्षा वजन कुठे हा प्रश्न आहे. विमानाचा तोल एका ठरलेल्या पट्ट्यात राहावा लागतो. तो फार मागे सरकला की नाक वर जातं आणि सावरता येत नाही. स्कायव्हॅनचं दार मागे. "आणि आपला माणूस," साहेब म्हणाले, "स्टॉप यायच्या आधी दारात जाऊन उभा राहतो. सव्वीसच्या सव्वीस जण कागल दिसलं की मागं जाणार. विमान शेपटीवर बसणार." यावर ड्रायव्हरलाही बोलता येईना. त्याची सगळी हयात दारात उभ्या राहणाऱ्यांवर ओरडण्यात गेली होती.

पण बस फुटली ती फुटलीच. डावीकडच्या बाकांवर एकोणीसवाले, उजवीकडे वडापवाले.

मधल्या काळात साहेबांना एक जबर धक्का बसला होता. कोल्हापूर भागातल्या कोणी स्वतःची विमान कंपनी काढली आहे, ही कल्पना त्यांच्या वहीत नव्वदच्या दशकापासून होती. २०१९ मध्ये जयसिंगपूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर खरोखर उडू लागली. गावाने पेढे वाटावेत असा प्रसंग. साहेब मात्र उतरलेल्या चेहऱ्याने आले. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, "आठ पानं गेली." घडलेली गोष्ट त्यांच्या कामाची उरत नाही. ती आठ पानं त्यांनी लाल शाईने रद्द केली आणि शेरा मारला: 'प्रत्यक्षात आल्यामुळे बाद.' त्यांच्या उजळाईवाडीच्या गच्चीवरून धावपट्टी दिसते, एटीआर उतरताना कपबशा किणकिणतात. पाहुणे धावत बाहेर जातात, साहेब आत पुट्टीवर पॉलिश पेपर घासत बसतात. ते विमान आहे, त्यात बघण्यासारखं काय?

तर बस. संघ सहकारी आहे हे कळल्यावर बसमधल्या प्रत्येकाने आपापल्या गावच्या सोसायटीमार्फत स्वतःला सभासद करून घेतलं. सभासद झाला की माणूस प्रश्न विचारतो. गगनबावड्याला फेरी का नाही? अध्यक्षांच्या विमानाला पडदे कोणत्या ठरावाने? शेवटी मागच्या बाकावरून जाहीर आरोप झाला: संघाची सगळी विमानं साहेबांच्या खासगी कपाटात कशी? विमानं अस्तित्वात नाहीत, हा बचाव साहेबांना सुचलासुद्धा नाही. त्यांनी दोन पानी खुलासा टाइप करून आणला, सोबत साठा नोंदवही जोडली आणि कपाटाच्या किल्लीची दुसरी प्रत वहिनींकडे असल्याचं कळवलं. खुलासा वाचायला घेतल्यावर उजव्या बाजूने 'नामंजूर, नामंजूर' आणि डाव्या बाजूने 'मंजूर, मंजूर' असा गजर झाला, आणि गोकुळ शिरगावच्या थांब्यावर उभी असलेली माणसं दचकून बसकडे बघू लागली. ज्यांनी कधी दूध संघाची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना त्या दिवशी विमानं खरी वाटली असती.

दिवाळी जवळ आली तेव्हा लाभांशाचा विषय निघणं भाग होतं. पतसंस्था सभासदांना स्टीलचा डबा देते, भिंतीवरचं घड्याळ देते. संघ काय देणार? एकोणीसवाले आणि वडापवाले या एका मुद्द्यावर एक झाले: प्रत्येकी एक विमान.

साहेब फसले. एकेक विमान महिनोन्‌महिने करणारा माणूस, आता बसभर करायची. पण मागणी रीतसर आली होती. त्यांनी पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींना गाठलं. मिस्त्री आता निवृत्तीला आलेले, पट्टी तीच. या वेळी आकसण्याचा हिशेब आधी झाला. सिलिकॉनचा साचा, त्यात रेझिन. तपासणीचा तक्ता बनला: पंखाची जाडी, पात्यांमधलं अंतर, दाराचा काटकोन. पंखाच्या खाचेसाठी गो-नो-गो गेजही बनवून घेतलं, स्वतःच्या पैशाने, बिलासह. पहिल्या लॉटमध्ये सहा विमानं निघाली. बाहेरच्या माणसाच्या नजरेला सहाही झकास. साहेबांनी ती सरफेस प्लेटवर मांडली, अर्धा तास मोजली, आणि सहाच्या सहा लाल टॅग लावून लाल क्रेटमध्ये टाकली.

शेजारी नवीन ट्रेनी उभा होता. त्याने टॅगवरचं कारण वाचलं: 'मूळ विमानाशी जुळत नाही.' पोरगं नवीन, अजून भीड चेपलेली नाही, तरी विचारलं, "सर, पण मूळ विमान कुठं आहे?"

"ते असतं," साहेब म्हणाले, "तर असं नसतं."

ट्रेनीने ते वहीत लिहून घेतलं. लाल क्रेटला हात लावायचा नाही असा नियम आहे, पण ड्रायव्हर कंपनीच्या रोलवर नाही. त्याने त्यातलं एक विमान उचललं, बसच्या डॅशबोर्डवर गणपतीशेजारी चिकटवलं आणि मागच्या दारावर खडूने सव्वीसचा आकडा घातला. साहेब रोज सकाळी बसमध्ये चढताना खिशातला रुमाल काढून आकडा पुसतात, ड्रायव्हरला बजावतात, "हे रिजेक्ट आहे, ह्याच्यावर संघाचं नाव घालायचं नाही," आणि आपल्या सीटवर जाऊन बसतात. संध्याकाळपर्यंत आकडा परत आलेला असतो. परवा तो सत्तावीस होता.